फीडिंग कुर्ती, आठ महिन्यांनंतर: खिसा फक्कड, रनर भिकार

काल सकाळी मोहरी रंगाच्या कुर्तीचाही रनर गेला, म्हणजे चेन उघडझाप करणारा तो सरकता तुकडा. तिघींतली तीच काय ती उरली होती. बाळाला अंगावर पाजता यावं म्हणून जूनच्या शेवटी मागवलेला तीन कुर्त्यांचा सेट फेब्रुवारीच्या शेवटी आटोपला, म्हणजे आता यावर लिहायला हरकत नाही. जुलैत याच कुर्त्यांना मी पाच तारे देऊन बसले होते, तेही फोटोसकट. ते वाचून कोणी घेतल्या असतील तर माफ करा आणि पुढचं वाचा.

कुर्ती कशी असते ते सांगत बसत नाही. छातीवर दोन उभ्या छुप्या चेन, त्याखाली घेर, गुडघ्याच्या खाली चार बोटं लांबी, तिघींचे मिळून 2,397 रुपये. घरात बाळ आलं की फोनला वास लागतो आणि ही जाहिरात त्रिकाळ दिसायला लागते. तुम्हालाही दिसली असेलच.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच होतं. बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे मी गाऊनमध्ये काढले. दोन गाऊन, एक अंगावर, एक दोरीवर. शेक, धुरी, पोटाला आजीच्या जुन्या पातळाचा पट्टा, अळिवाचे लाडू, सगळं यथासांग. आरशासमोर जायचं काही कारण नव्हतं, मी जातही नव्हते. सहाव्या आठवड्याची लस द्यायला बाळाला बाहेर न्यायचं ठरलं तेव्हा पहिल्यांदा कपाट उघडलं. बारा कुर्ते. नऊ छातीत अडकले, दोन दंडात, आणि जो एक गेला त्याला पुढून उघडायला काही नव्हतं. आणि मी कोण, तर कपड्यांची हौशी म्हणून घरात आणि ऑफिसात बोलणी खाल्लेली बाई. इकत, खण, मंगळगिरी. कॉलेजापासून एकही दिवाळीची पहाट अशी नाही की डोंबिवलीच्या फडके रोडवर गणपती मंदिराशी नवीन काहीतरी घालून उभी नव्हते. त्या दिवशी नवऱ्याचा चौकटीचा शर्ट घालून गेले. दवाखान्यात ओढणीचा तंबू केला, आत बाळ घामाघूम, बाहेर मी. त्याच रात्री दोनच्या दुधाला एका हाताने ऑर्डर टाकली.

पार्सल आलं आणि मी खिशाच्या प्रेमात पडले. उजव्या बाजूच्या शिवणीत चांगला वीतभर खोल खिसा. बायकांच्या कपड्यांत खिसा म्हणजे दोन बोटं जातील एवढी थट्टा असते. यात फोन, रुमाल, बाळाचं टोपडं आणि वर चाळीचं कुलूपही मावत होतं. चेन गुपचूप सरकायची. बारशाला हॉलच्या मधोमध बसून दूध पाजलं, माझ्या आत्तेसासूबाईंना शेजारी बसून कळलं नाही. "बाळ झोपलंय का गं?" असं विचारत होत्या. पाच तारे त्या दिवशीचे.

पावसाळ्यात पहिली कुरबूर. डोंबिवलीत जुलै-ऑगस्टला काहीच वाळत नाही हे मान्य, पण सुती कापड पंख्याखाली दुपारपर्यंत वाळायचं आणि चेनची पट्टी दमटच राहायची. दूध सांडलेलं, त्यात दमट पट्टी. वास कसा येतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. शेवटी हेअर ड्रायरने नुसत्या चेन वाळवायला लागले. स्वतःचे केस तेव्हा मूठमूठ गळत होते (तीन-चार महिन्यांनी गळतातच, परत येतात, माझे कपाळाशी आता गवतासारखे उभे आहेत), त्यामुळे ड्रायर तसाही रिकामाच होता.

मग दिवाळी. फडके रोडला जायचं नाही असं ठरवलं होतं. नणंदेने बाळ घेतलं, म्हणाली, "वहिनी, अर्धा तास. मी बघते." जांभळी कुर्ती, आईची नारायणपेठी ओढणीसारखी घेतलेली, कानात कुड्या. लोंबते डूल बाळ ओढतं, त्यामुळे कुड्याच. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण घरी येऊन फोटो बघितला आणि छातीवर दोन लाटा. छुपी चेन छुपी राहिली नव्हती, दोन्ही बाजूंनी कापड चुणून आलं होतं, गांडूळ चालतं तसं. नंतर शिवणाऱ्या काकूंनी कारण सांगितलं ते इथेच सांगते: सुती कापड धुऊन आटतं, चेनची पट्टी नायलॉन-पॉलिस्टरची, ती आटत नाही. कापड आधी भिजवून मग शिवलं तर हा प्रश्न येत नाही. कारखान्यात कोण भिजवतंय?

नोव्हेंबरात कामावर रुजू झाले. कायद्याच्या रजेचे 26 आठवडे, त्यातले तीन बाळंतपणाआधीच संपलेले, पुढे दिवाळीची सुट्टी जोडली. आमचं ऑफिस बत्तीस जणांचं. पाळणाघर सक्तीचं व्हायला पन्नास माणसं लागतात, त्यामुळे आमच्याकडे पाळणाघर नाही, फायलींची खोली आहे. तिथे कडी लावून दुधाचा पंप. या कामाला मात्र कुर्ती एक नंबर.

आणि मग तो गुरुवार. संध्याकाळची फास्ट लोकल, लेडीज डबा, कुर्ल्यानंतर श्वास घ्यायला जागा नाही. एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात पंपाची पिशवी, त्यात दिवसभराचं दूध, म्हणजे पिशवी सोडायचा प्रश्नच नाही. समोरची बाई हळूच म्हणाली, "ताई, चेन." मी खाली बघितलं. बाटलीहिरव्या कुर्तीचा उजवा रनर वर गळ्याशी जिथे हवा तिथेच होता. त्याच्या खाली चार बोटं चेन उघडी. म्हणजे बंद केलेली चेन मागून आपोआप उसवत गेली होती. मला हात मोकळा नाही हे तिने पाहिलं, स्वतःच्या बांगडीतली पिन काढली, म्हणाली, "श्वास धरा," आणि गाडीच्या हिसक्यांत, मला न टोचता, दोन पिना लावल्या. दुसरी पिन शेजारच्या मुलीच्या मंगळसूत्राला अडकवलेली होती. मी थँक्यू म्हणायच्या आत ठाणे आलं आणि दोघी उतरल्या. दोन्ही पिना अजून माझ्याकडे आहेत.

आता रनरबद्दल, कारण मी यावर तीन महिने घालवले आहेत. चेनचे दात क्वचितच मरतात, मरतो तो रनर. त्याचं काम दोन्हीकडचे दात दाबून एकमेकांत बसवणं. वापराने त्याचं तोंड फाकलं की तो वरखाली फिरतो पण दात बसत नाहीत. पकडीने दोन्ही कडा किंचित दाबल्या की काही दिवस चालतो, जोरात दाबलं तर तुटतो (जांभळीचा मी असाच तोडला). छुपी चेन मुळात ड्रेसच्या पाठीला लावायची नाजूक वस्तू. हिशेब करा: तीन कुर्त्या आलटून पालटून, म्हणजे चार महिन्यांत एक कुर्ती चाळीस दिवस अंगावर. दिवसाला आठ वेळा दूध, दोन बाजू आलटून पालटून. एका चेनच्या वाट्याला एकशेसाठ वेळा उघडझाप आली. आठवड्यातून एकदा घालायच्या ड्रेसच्या चेनला एवढं व्हायला तीन वर्षं लागतील. 799 रुपयांच्या कुर्तीत जिच्यावर सगळा धंदा उभा आहे ती वस्तूच पातळ घालायची, याला काय म्हणायचं?

कंपनीला हे सगळं हिशेबासकट कळवलं. उत्तर आलं की परत करायची मुदत दहा दिवसांची होती. मी लिहिलं, परत नको, चेन बदलून द्या. ते म्हणाले, झिप वेअर अँड टेअरमध्ये येते. मी फोटो पाठवले. अकरा दिवसांनी चॅटवर कोणीतरी आलं आणि विचारलं, "मॅम, तुम्ही योग्य साइज निवडला होता का? टाइट झाल्यास झिपवर लोड येतो." मी डब्यात बसून ते तीनदा वाचलं. लोड. पुढच्या खरेदीवर 15 टक्के सूट देतो म्हणाले, किमान 1,499 रुपयांची केली तर. तारे पाचावरून एकावर त्या संध्याकाळी आणले.

साइजवरून आठवलं. घेर छातीखालून सुटतो त्यामुळे पोट झाकतं, ही जाहिरात खरी आहे. इतकं झाकतं की डिसेंबरात एका मुलीने मला खिडकीची जागा उठून दिली. तिघींच्या बाकावर कशीबशी टेकायची चौथी सीट नव्हे, खिडकी! दादरला. "बसा ना, अशा वेळी उभं राहू नये." बाळ घरी सात महिन्यांचं झालेलं. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण डोंबिवलीपर्यंत खिडकी होती. बसले. घरी जाऊन रडले, पण बसले.

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेले. काकू म्हणजे आमच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर मशीन टाकून बसतात त्या, माझे लग्नाआधीचे सगळे कपडे त्यांच्या हातचे. म्हटलं, चेन बदला आणि बाजूने थोडी सैल करा. त्यांनी कुर्ती उलटी केली, शिवणीवर अंगठा फिरवला आणि माझ्याकडे सरकवली. "माया कुठे आहे यात?" माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. इथे ओव्हरलॉक मारून काठोकाठ कापलेलं. पाव इंचही माया नाही. "चेन बदलीन, साठ रुपये एकीचे. सैल कशातून करू?" मग विचारलं, "माझ्याकडचे कुर्ते कुठे गेले?" म्हटलं, होत नाहीत. "होत नाहीत म्हणजे? उसवले का?"

हे मला सुचलंच नव्हतं. सहा महिने मी कपाट न होणाऱ्या कपड्यांनी भरलेलं आहे असं समजत होते. निळा इकत घेऊन गेले, तो कुर्ता घालून मी या नोकरीची मुलाखत दिली होती. काकू नेहमी इंचभर माया सोडतात, तेव्हा मला त्याचा रागच यायचा, आतून टोचते म्हणून. चारही कडांना पाऊण पाऊण इंच सोडला, तीन इंच मिळाले. दंडात थोडं जमलं, बगलेत एक कळी, म्हणजे कापडाचा जोडतुकडा, घातली. पुढची पट्टी छातीच्या खालपर्यंत नेली आणि वर दिसायला साधी बटणं, खाली टिचबटणं. टिचबटण एका हाताने उघडतं, पावसात वाळतं, आणि गेलं तर एकच जातं, अख्खी बाजू उघडी पडत नाही. दीडशे रुपये.

फक्त एक झालं. कुर्ता पाच वर्षं धुऊन फिका झालेला, आणि मायेत दडलेलं कापड नव्यासारखं गडद. त्यामुळे दोन्ही बाजूंना बगलेपासून खालपर्यंत पाऊण पाऊण इंचाची गडद निळी रेघ, आणि जुन्या टिपेची भोकं. मी म्हटलं, काकू, हे दिसतंय. त्या म्हणाल्या, "दिसू दे. दोन धुण्यांत भोकं बुजतील, रंगाला वेळ लागेल." ऑफिसात घालून गेले. कोपर अंगाशी धरून, रेघ लपवत, सकाळभर. अकरा वाजता पंपाला फायलींच्या खोलीत गेले, आले, कामाला लागले आणि कोपराचं विसरले. दुपारी डबा खाताना शेजारच्या टेबलवालीने विचारलं, ही पट्टी कुठून लावून घेतली, तिला तिच्या कुर्त्याला हवी होती. मी तिला खरं सांगितलं. नंतर आणखी चार कुर्ते उसवले. दोघांत माया पुरली नाही, ते नणंदेला दिले. चपला मात्र कोणी सोडवून देत नाही, पाऊल अर्ध्या नंबरने वाढलंय आणि बहुतेक वाढलेलंच राहणार.

इथवर काल रात्री लिहिलं होतं. आज मोहरी कुर्ती घेऊन काकूंकडे जाऊन आले, त्यामुळे वरचं थोडं दुरुस्त करायला हवं. त्यांनी विचारलं, मशीनला टाकताना चेन लावतेस का? नाही लावत. दूध लागलेलं असतं म्हणून मुद्दाम उघडी टाकते. तर उघडा रनर ड्रममध्ये लोंबकळत आपटतो आणि त्याचं तोंड तिथेही फाकतं. चेन लावून, उलटी करून धुवायची, वाळल्यावर दातांवर मेणबत्ती फिरवायची. म्हणजे थोडा दोष माझा. कुर्तीवर धुण्याची जी चिठ्ठी आहे त्यात यातलं एक अक्षर नाही, म्हणून थोडाच.

तर अंतिम: अडीच तारे. पहिले तीन-चार महिने, घरात आणि दवाखान्यात, घ्या, पण तीन नको, एकच घ्या. कामावर जायचं असेल तर उरलेले सोळाशे रुपये शिवणाऱ्या बाईला द्या. आणि जिच्याकडे शिवून घ्याल तिला इंचभर माया सोडायला सांगा.

मोहरी कुर्तीची चेन मी बदलून घेतली नाही. खिसा उसवून घेतला. काकू तो इकताच्या उजव्या शिवणीत बसवणार आहेत. तिथे पाव इंच माया अजून उरलीय, तेवढ्यात बसतो म्हणाल्या. निळ्याच्या आत मोहरी दिसेल. चाळीस रुपये, शनिवारी मिळेल.