मरीन प्लाय: एक उन्हाळा, एक पावसाळा

पुण्यात मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायवूड, मागितला की दुकानदार विचारतो, "किचनसाठी का?" होडीसाठी म्हटलं की तो आपल्याला एकदा नीट न्याहाळतो. आमची होडी म्हणजे जुनी शिडाची एंटरप्राइझ, जॅक होल्टने १९५६ साली आखलेल्या नमुन्याची, सव्वातेरा फुटी. तळाचा प्लाय नवा घातला, डेक, म्हणजे होडीचा वरचा भाग, जुनाच ठेवला.

भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याचा माल घेतला. गोंदाबद्दल तक्रार शून्य. या मानकात तुकडे ७२ तास उकळून जोड तपासतात, आणि पावसाळ्यातही एक थर सुटला नाही. आतल्या फटी मात्र छळतात. वरून गर्जन लाकडाचा लालसर, गुळगुळीत थर. करवत मारली की कडेला आगपेटीची काडी सहज जाईल एवढी पोकळी. ओट्याखाली खपून जातं. होडीत कडेने शिरलेलं पाणी त्याच फटीतून आत पसरतं आणि वरून काही दिसत नाही. म्हणून घेतानाच चारही कडा बघाव्यात, टॉर्च तिरका धरून फुगवटे शोधावेत, नाण्याने टकटक करत जावं. आवाज मध्येच पोकळ झाला की ती शीट परत. दुकानदार वैतागतो, वैतागू दे. घट्ट गाठी, रंगातला फरक, नीट बसवलेले ठिगळ यांच्यावर मात्र वेळ घालवू नये. रंगाखाली ते झाकलं जातं.

जुन्या डेकवर स्क्रूभोवती काळे डाग होते. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून असा डाग पडतो, तो म्हणजे कुजणं नव्हे. टोच्या दाबून बघायचा. बहुतेक ठिकाणी तो आत गेलाच नाही. डोलकाठीच्या पायाशी मात्र सरळ घुसला. तेवढा भाग कापून काढला.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत डेकवर, जिथे नुसता प्रायमर आणि रंग आहे, रेषेरेषेने केसाएवढ्या चिरा उघडल्या. तळाला इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये, काचतंतूंचं फायबरकापड बसवलंय, तिथे एकही नाही. (गर्जनमध्ये तेलकट राळ असते, इपॉक्सीआधी थिनरने पुसणं आलंच.) चिरांत लांबी (पुट्टी) भरणं फुकट, लाकूड हलतं, त्या पुन्हा उघडतात. तळासाठी हाच प्लाय पुन्हा घेईन, पण कडा बघूनच. डेक दिवाळीनंतर खरवडून त्यावरही कापड चढवणार आहे.