‘आर्मीला चालतं’ म्हणून काढलेली राजमुद्रा

साताऱ्यात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना टॅटूच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकवतात: "हातावर हाय ना, मग आर्मीला चालतंय." हे अर्धंच खरं आहे. सैन्यभरतीच्या नियमात कायमचा टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या घडीपासून मनगटापर्यंत, आणि पंजाच्या मागच्या बाजूला. दंडावर नाही, छातीवर नाही, मानेवर नाही, आणि मनगट ते कोपर या पट्ट्यात बाहेरच्या अंगालाही नाही. आदिवासी समाजांच्या रूढीतल्या गोंदणाला वेगळी सवलत आहे, पण ती इथे लागू होत नाही. मिलिटरी अपशिंगे हे फौजींचं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या दुकानदाराला हे माहीत नसेल, यावर विश्वास ठेवणं जड जातं.

एकोणीस वर्षांच्या एका मुलाच्या हातावर राजमुद्रा काढली गेली, ती नेमकी बाहेरच्या अंगाला. "तिथं उठून दिसंल" म्हणून. नियमाची अडचण कळली ती काढून झाल्यावर, ग्राउंडवरच्या मित्रांकडून. त्या एका टॅटूत फसवणुकीचे जवळजवळ सगळे प्रकार एकत्र सापडतात, म्हणून तोच उलगडून सांगतो.

पहिली गोष्ट दराची. बोर्डावर 'इंचाला ५००' असं लिहिलेलं होतं. मुलाने हिशेब केला, डिझाइन ४ इंच लांब, म्हणजे २,००० रुपये. काम झाल्यावर दुकानदाराने ४ गुणिले ३ केलं आणि ६,००० मागितले. इंच म्हणजे लांबीचा की चौरस, हे बोर्डावर कुठेच नव्हतं. अर्धी आउटलाइन झाल्यावर कुणी उठून जाऊ शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून स्टेन्सिल (त्वचेवर उमटवायचा डिझाइनचा छाप) लावण्याआधी एकूण रक्कम लिहून घ्या, त्यात टच-अप, म्हणजे नंतरची किरकोळ दुरुस्ती, धरलेला आहे का तेही. लिहून द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून उठावं.

दुसरी गोष्ट फोटोंची. मोबाईलवर दाखवलेल्या राजमुद्रा सुंदर होत्या, पण त्यांतल्या किती त्या माणसाने काढलेल्या? गूगल लेन्सवर फोटो टाकला की मूळ आर्टिस्ट कुठला ते बऱ्याचदा निघतं. त्याहून चांगली कसोटी म्हणजे भरून आलेले, निदान दोन-तीन महिने जुने टॅटू बघायला मागणं. ताज्या टॅटूवर त्वचा ताणलेली, चकाकणारी असते. त्यात कच्चं कामही झाकलं जातं. आणि पांढऱ्या शाईचे हायलाइट दाखवून 'थ्री-डी' म्हणून जादा पैसे मागत असतील, तर आपल्या सावळ्या कातडीवर ते पांढरं लवकरच पिवळट, फिकं पडतं, हे धरून चाला.

राजमुद्रेत तर अक्षरांची परीक्षा असते. 'वर्धिष्णुर्विश्ववंदिता' हा एक शब्द बघा: दोन रफार, दोन जोडाक्षरं, एक अनुस्वार, तीन वेलांट्या, एक उकार. शाई वर्षा-दोन वर्षांत त्वचेखाली थोडी पसरतेच. अष्टकोनाच्या आत सगळा श्लोक तीन इंचांत कोंबला की 'ष्णु'च्या गाठीचा काळा ठिपका होतो आणि अनुस्वार शेजारच्या रफाराला चिकटतो. जाणता आर्टिस्ट अशा वेळी एक तर आकार वाढवायला सांगतो, नाही तर अक्षरं गाळून नुसती चौकट सुचवतो. इथे तसं कुणी सांगितलं नाही. वर सुई खोल गेली. शाई बसायला हवी वरच्या पापुद्र्याखालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटरवर. त्याखाली गेली की ती चरबीत पसरते आणि रेघेभोवती निळसर छाया उमटते. टच-अपने ती जात नाही.

स्टेन्सिल लावल्यावर दहा मिनिटं वाळू द्या आणि सोबतच्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. आपण स्वतः वाचलं तर डोळा सवयीने चूक सुधारून घेतो.

आता सुई. इथली फसवणूक सगळ्यात महागात पडते. कार्ट्रिज म्हणजे मशीनला लावायची सुयांची नळी. तिचं पाकीट एका बाजूने कागद, दुसऱ्या बाजूने प्लास्टिक असं असतं. त्यावर लॉट नंबर, मुदतीची तारीख आणि '१००३ आरएल' असा काहीतरी कोड असतो: १० म्हणजे ०.३० मिलिमीटर जाडीची सुई, ०३ म्हणजे तीन सुया, आरएल म्हणजे आउटलाइनचा गोल गुच्छ. हे पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फाटलं पाहिजे. कागद सोलल्याचा चर्र आवाज ऐकू आला पाहिजे. "सकाळीच उघडून ठेवलीय, नवीनच हाय" हे ऐकायचं नाही. स्पिरिटने पुसलेली किंवा गरम पाण्यात बुडवलेली सुई निर्जंतुक नसते, आणि निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवल्यानेही होत नाही. हेपेटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. टॅटूचा विचार पक्का असेल तर त्याची लस आधी घ्यावी. तीन डोस असतात, शून्य, एक आणि सहा महिन्यांवर.

कार्ट्रिजमध्ये आत पडदा आहे का तेही विचारा. पडदा नसेल तर रक्तमिश्रित शाई मागे मशीनमध्ये जाते, मग पुढच्या गिऱ्हाइकाची सुई नवी असून उपयोग काय? शाई छोट्या कपात ओतलेली हवी आणि उरलेली फेकलेली हवी, बाटलीत परत नाही. काळी शाई पातळ करायला नळाचं पाणी घालताना दिसलं तर तिथेच थांबवा. अशा पाण्यातून आलेल्या जंतूंमुळे शेडिंगच्या जागी दोन-तीन आठवड्यांनी लालसर गाठी येतात. नेहमीच्या अँटिबायोटिकने त्या बऱ्याचदा हटत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ गाठावा लागतो. भिंतीवरच्या फ्रेमवर जाऊ नका. शॉप ॲक्टचा कागद दुकान नोंदवल्याचा असतो, हात चांगला असल्याचा नव्हे.

घरी आल्यावर सौम्य साबण, कोमट पाणी, मलमाचा पातळ थर, बस्स. शेजारच्या सांगलीची हळद कितीही नावाजलेली असली तरी ताज्या टॅटूवर चोळायची नाही. खपली उपटायची नाही, आणि दोन-तीन आठवडे संगम माहुलीला किंवा विहिरीत पोहणं बंद. ग्राउंडवरचा दोरही तोवर नको.

त्या मुलाला दुकानदाराने नंतर 'कव्हर-अप' सुचवला, त्याचेही पैसे मागून. कव्हर-अप म्हणजे त्याच जागी आणखी मोठा, आणखी काळा टॅटू. जागा चुकलेली असताना त्याने काय साधणार? लेझरने काळी शाई निघते, पण बैठका बऱ्याच लागतात, दोन बैठकांत सहा ते आठ आठवडे जातात, आणि डाग राहणार नाही याची खात्री कुणी देत नाही. भरतीचं वय तोवर थांबत नाही.

पैशांपुरती दाद मागता येते. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्यासाठी यूपीआयची नोंद, बोर्डाचा फोटो आणि पहिल्या दिवशीचे टॅटूचे फोटो हवेत. त्या मुलाने रोख दिले होते. पावती नव्हती.