ठिय्या आंदोलनाचा खटला: कबुली, लढत, हायकोर्ट की सरकारी माघार?

जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दारात ठिय्या दिला, पोलिसांनी गाडीत घातलं, संध्याकाळी सोडलं. प्रकरण विस्मरणात गेल्यावर एक दिवस समन्स घरी येतं. कोर्टाच्या व्हरांड्यात पहिला सल्ला ठरलेला असतो: "कबूल करून टाका, दंड भरा, मोकळे व्हा." तो नेहमीच चुकीचा नसतो. पण आरोपपत्र न वाचता दिलेला असतो, आणि घोळ तिथेच होतो.

महाराष्ट्रात अशा आरोपींपुढे चार वाटा असतात: गुन्हा कबूल करणं, खालच्या कोर्टात लढणं, गुन्हा रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जाणं, किंवा राजकीय-सामाजिक आंदोलनाचा खटला म्हणून सरकारने तो मागे घ्यावा यासाठी अर्ज करणं. कोणती धरायची हे बरंचसं दोन गोष्टींवर ठरतं: कलमं कोणती लागली आहेत, आणि आरोपी कोण आहे. शेतकरी, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी आणि सरपंचपदाचा इच्छुक एकाच पायरीवर बसले होते म्हणून तिघांचं हित एकच असतं असं नाही.

आधी कागद हातात घ्या

गुन्हा खरोखर दाखल झाला आहे का, इथून सुरुवात करावी. पुष्कळदा पोलिसांनी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ खाली ताब्यात घेऊन ६९ खाली सोडून दिलेलं असतं. तेवढंच असेल तर खटला नाही. एफआयआर असेल तर आरोपपत्राची आणि सोबतच्या सगळ्या कागदांची प्रत फुकट मिळणं हा हक्क आहे. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, त्याला हजर झाल्यापासून १४ दिवसांची मुदत घातली आहे.

मग कलमं पाहायची. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंड संहिता, नंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता. नेहमीची यादी अशी: बेकायदेशीर जमाव (जुनं १४३, नवं १८९(२), सहा महिन्यांपर्यंत), रस्ता अडवणं (३४१, आता १२६(२), एक महिना किंवा ५,००० रुपये दंड), मनाई आदेश मोडणं (१८८, आता २२३, सहा महिने ते एक वर्ष), सरकारी कामात अडथळा (१८६, आता २२१, तीन महिने). या सगळ्यांवर सावली धरून उभं असतं ते ३५३, आता १३२: लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर. ते अजामीनपात्र आहे. नव्या संहितेत त्याला दोन वर्षं आहेत. जुन्या ३५३ ला मात्र महाराष्ट्राने राज्य दुरुस्ती करून पाच वर्षं केली होती आणि खटला सत्र न्यायालयाकडे नेला होता. म्हणजे जून २०२४ ची धक्काबुक्की ऑगस्ट २०२४ च्या धक्काबुक्कीपेक्षा कितीतरी महाग पडते.

आमरण उपोषण किंवा अंगावर रॉकेल ओतून घेण्याचा इशारा असेल तर नवं कलम २२६ शोधा. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न, एक वर्षापर्यंत. इथे सामुदायिक सेवेची शिक्षाही देता येते.

शेवटची ओळ बहुधा "म.पो.का. ३७(१)(३) सह १३५" अशी असते. म.पो.का. म्हणजे तोच महाराष्ट्र पोलीस अधिनियम, आणि १३५ हे त्यातलं शिक्षेचं कलम. ती वाचून पुढे जाऊ नका. ३७(३) जमावबंदीचं आहे आणि त्याची शिक्षा अगदी हलकी. ३७(१) मात्र शस्त्रं, दगड, प्रतिमा-पुतळ्यांचं प्रदर्शन, आक्षेपार्ह घोषणा यांचं. त्यात एक वर्षापर्यंत कैद आहे आणि न्यायाधीशांनी लेखी कारणं दिली नाहीत तर किमान चार महिने. नुसतं बसलेल्या माणसालाही पोलीस सवयीने दोन्ही लावतात.

कबुली विरुद्ध लढत

कबुलीचा फायदा उघड आहे: एक-दोन तारखांत प्रकरण संपतं. लोकअदालतीच्या दिवशी किरकोळ खटले निकाली काढण्याची मोहीम असते, तेव्हा तर सकाळी जाऊन दुपारी घरी. रोजंदारीवरच्या माणसाला किंवा पुण्या-मुंबईहून गावच्या कोर्टात प्रत्येक तारखेला जावं लागणाऱ्याला याची किंमत कळते.

तोटे तीन. पहिला, "दंड भरला" म्हणजे दोषसिद्धीच. तिला तडजोड समजू नये. दुसरा, कबुलीवर झालेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील उरतं ते फक्त शिक्षेच्या प्रमाणावर आणि वैधतेवर. "आम्ही गुन्हा केलाच नव्हता" हे पुन्हा म्हणता येत नाही. तिसरा, एकगठ्ठा कबुलीत सगळी कलमं येतात. रस्त्यावर बसल्याचं कबूल करायला गेलेला माणूस ३७(१) आणि १३२ सुद्धा कबूल करून येतो.

कबुली द्यायचीच असेल तर वकिलांकडून त्याच वेळी १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली अर्ज द्यावा. पूर्वीची दोषसिद्धी नसेल आणि गुन्ह्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंतच असेल, तर कलम ३ प्रमाणे ताकीद देऊन सोडता येतं. त्यापुढच्या गुन्ह्यांना कलम ४ चं चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र. त्याच कायद्याचं कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करतं. हा अर्ज देण्याची आठवण कोर्ट करून देईलच असं नाही.

लढतीचं गणित वेगळं. अशा खटल्यांत सरकारी पक्षाची बाजू कागदावर दिसते त्यापेक्षा कमकुवत असते, आणि त्याची कारणं कायद्यातच आहेत.

सर्वांत भक्कम मुद्दा मनाई आदेशाचा. २२३ आणि २२१ या दोन्हींची दखल कोर्टाला पोलिसांच्या आरोपपत्रावरून घेता येत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१५ (जुनं १९५) सांगतं, की संबंधित लोकसेवकाने, त्याच्या वरिष्ठाने किंवा (नव्या संहितेत) त्याने अधिकार दिलेल्या लोकसेवकाने कोर्टाकडे लेखी तक्रार केली पाहिजे. आदेश काढलेला असतो जिल्हादंडाधिकाऱ्यांनी आणि फिर्याद दिलेली असते बंदोबस्तावरच्या हवालदाराने. आरोपपत्रासोबत ती लेखी तक्रार आहे का, हे पहिल्याच वाचनात पाहावं. मात्र ही अट त्या कलमांपुरतीच. तमिळनाडूच्या मुनिअप्पन खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की १८८ कोसळलं तरी स्वतंत्र गुन्हे टिकतात. पोलीस अधिनियमाच्या १३५ लाही ही अट लागत नाही, म्हणून तर ते हमखास जोडलेलं असतं.

दुसरा मुद्दा, बेकायदेशीर जमावाला पाच माणसं पुरत नाहीत. संहितेत दिलेल्या पाचपैकी एक समान उद्देश लागतो. निवेदन स्वीकारायला साहेबांनी बाहेर यावं, हा त्यातला नाही. तिसरा, १३२ ला बळाचा वापर किंवा हल्ला लागतो. आवाज चढवणं, टेबलावर हात आपटणं किंवा दार न सोडणं एवढ्याने ते होत नाही. पण बाही ओढली, फाइल हिसकावली, की चित्र पालटतं. वैद्यकीय दाखला जोडलेला असेल तर जखमेची वेळ आणि फिर्यादीतली वेळ जुळते का, ते तपासा.

चौथा मुद्दा ओळखीचा. फिर्यादीत दहा नावं आणि "इतर ५० ते ६०", आरोपपत्रात एकदम पंचेचाळीस. मधली पस्तीस आली कुठून? व्हिडिओवरून म्हणत असतील तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं. ही अट जुन्या कायद्याखाली २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पक्की केली ती आपल्याच जालन्याच्या निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. आपल्या बाजूच्या व्हिडिओलाही हाच नियम आहे: मूळ फोन जपून ठेवा, व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत कामाची नाही. कार्यालयाचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जतन करण्याचा लेखी अर्ज आंदोलनाच्या दुसऱ्याच दिवशी द्यावा आणि पोच घ्यावी.

मुदतीचा मुद्दा (ठरलेल्या मुदतीनंतर कोर्टाला गुन्ह्याची दखल घेता येत नाही) पूर्वी हमखास चालायचा, आता कमी. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्याला तीन. एकत्र खटल्यात सर्वांत जड कलम धरतात. नागरिक सुरक्षा संहितेने मुदत मोजताना एफआयआरची तारीख धरायची असं स्पष्ट केल्याने, आरोपपत्र उशिरा आलं एवढ्यावर नवी प्रकरणं सुटत नाहीत.

लढतीची खरी किंमत पुराव्यापेक्षा तारखांत मोजावी लागते. चाळीस आरोपींपैकी दोघे नेहमी गैरहजर, म्हणून दोषारोपच ठेवला जात नाही. मग वॉरंट, जातमुचलका जप्त, नवा जामीन. जामिनावर असताना विनाकारण गैरहजर राहणं हा स्वतंत्र गुन्हाही आहे. उपाय साधे आहेत: कायमच्या हजेरी माफीचा अर्ज सुरुवातीलाच द्यावा, प्रत्येक तारखेला एका ठरलेल्या माणसाने गैरहजरांच्या माफीचे अर्ज पोचवावेत, आणि जे सापडतच नाहीत त्यांचा खटला वेगळा करण्याची विनंती करावी. दोषमुक्तीचा, म्हणजे दोषारोप ठेवण्याआधीच खटल्यातून सोडण्याचा अर्जही लवकर हवा. वॉरंट खटल्यात (दोन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांच्या) कागद मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत आता संहितेतच आहे.

हायकोर्ट

ही वाट जलद असू शकते आणि सगळ्या आरोपींची मिळून एक याचिका करता येते. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. त्यामुळे सांगली, साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या लोकांची मुंबईवारी वाचली. पण हायकोर्ट पुरावा तोलत नाही. एफआयआर जशीच्या तशी खरी धरली तरी गुन्हा होत नाही, किंवा कायद्याचाच अडसर आहे, हे दाखवावं लागतं. म्हणून फक्त २२३-२२१ चं प्रकरण असेल तर ही वाट उत्तम. १३२ आणि जखमेचा दाखला असेल तर "दोषमुक्तीचा अर्ज करा" असं ऐकून, फी खर्चून परत यायची तयारी ठेवा. मनाई आदेशच मुळात सदोष असेल तर त्यालाही आव्हान देता येतं: फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबाद खंडपीठाने माजलगावच्या आंदोलनाआड येणारा ३७ चा आदेश रद्द केला होता.

सरकारी माघार

सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत कमी आपल्या हातात. राजकीय व सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघतात. ठळक अटी: जीवितहानी नाही, मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या वर नाही, आणि आरोपपत्र ठरावीक तारखेपर्यंत दाखल झालेलं. ती तारीख सरकार पुढे नेत आलं आहे. अर्जात गुन्हा क्रमांक, खटला क्रमांक, कलमं आणि आरोपपत्राची तारीख बिनचूक लिहावी.

पण "गुन्हे मागे" ही बातमी आली म्हणजे खटला संपला नाही. सरकारी वकिलाला स्वतः विचार करून अर्ज करावा लागतो, आणि कोर्टाची संमती लागते. आणीबाणीतल्या, जॉर्ज फर्नांडिस यांच्यावरच्या बडोदा डायनामाइट प्रकरणातली माघार १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. केरळ विधानसभेतल्या तोडफोडीची २०२१ साली नाकारली. आरोपींत आजी-माजी आमदार-खासदार असेल तर २०२१ पासून उच्च न्यायालयाचीही परवानगी लागते. मोर्च्याला नेतृत्व द्यायला आलेले आमदारसाहेब इथे चाळीस जणांची फाइल अडवून ठेवू शकतात.

बातमी वाचून तारखेला जाणं सोडलेल्यांवर वॉरंट निघतं, ही नेहमीची गत. आणि माघार दोषारोप ठेवण्याआधी झाली तर ती दोषमुक्ती, नंतर झाली तर निर्दोष मुक्तता. दुसरी जास्त पक्की.

पासपोर्ट, नोकरी, निवडणूक

इथे व्हरांड्यातला सल्ला कधीकधी बरोबर निघतो. पासपोर्टला अडवतो तो प्रलंबित खटला. कोर्टाच्या परवानगीने तो मिळतो, पण आदेशात मुदत लिहिली नसेल तर एकाच वर्षाचा. म्हणून परवानगीच्या अर्जात मुदत मागून घ्यावी. दंडाची दोषसिद्धी मात्र पासपोर्ट अडवत नाही. त्याला नैतिक अधःपतनाचा गुन्हा आणि किमान दोन वर्षांची शिक्षा लागते. परदेशी शिक्षणाचं पत्र हातात असलेल्याने हे ध्यानात घ्यावं.

सरकारी नोकरीत उलटं. तिथे लपवणं सर्वांत घातक. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तरुणपणी घोषणा दिल्यासारख्या किरकोळ दोषसिद्धी लपवली असेल तर त्या लपवण्याकडे नियुक्ती अधिकारी दुर्लक्ष करू शकतो असं म्हटलं. करू शकतो, करेलच असं नाही. भरतीच्या रांगेतल्या माणसाने लढावं किंवा दोषमुक्ती मागावी, आणि रकाना खरा भरावा.

विधानसभेला अपात्रता येते दोन वर्षांच्या शिक्षेने, पण ग्रामपंचायतीला सहा महिन्यांच्या कैदेनेही. दंडाने यातलं काही होत नाही.

मग गटाने काय करावं

टिळकांनी १९०८ साली हायकोर्टात दिवसचे दिवस स्वतःचा बचाव केला. गांधींनी १९२२ साली अहमदाबादेत गुन्हा कबूल करून जास्तीत जास्त शिक्षा मागितली. दोघांनाही सहा वर्षंच झाली. कबुली ही शरणागती आणि लढत हीच निष्ठा, असा हिशेब गटात मांडला गेला की लोक लाजेखातर चुकीची वाट धरतात. गांधींच्या वाटेने जायचं तर तेवढी शिक्षा भोगायची तयारी हवी, आणि निवेदन लेखी द्यावं; नाहीतर रोजनाम्यात फक्त "आरोपीने गुन्हा कबूल केला" एवढंच उरतं.

एकाची कबुली दुसऱ्याविरुद्ध पुरावा होत नाही. पण कबुली देऊन मोकळा झालेला माणूस उद्या सरकारी साक्षीदार म्हणून बोलावला जाऊ शकतो, हे उरलेल्यांनी गृहीत धरावं. त्यामुळे वेगळी वाट धरणाऱ्यांनी वकीलही वेगळा घ्यावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींचे आणि अपंग आरोपी यांना उत्पन्न न पाहता तालुका विधी सेवा समितीकडून वकील मिळतो. त्यासाठी साधा अर्ज पुरतो, आणि तो पहिल्या तारखेच्या आधी द्यावा.