सीडरच्या फळीवरचा सॅमन: फळी घेताना जाडी बघा

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सिएटल-व्हँकुव्हरच्या पट्ट्यात, उन्हाळा लागला की माशांच्या काउंटरशेजारी सीडर या सुगंधी लाकडाच्या फळ्यांची पाकिटं दिसू लागतात. या फळीवर सॅमन ठेवून तो ग्रिलवर शिजवतात. लाकूड बहुधा तिथल्याच वेस्टर्न रेड सीडरचं. पाकिटांवरच्या सूचना जवळपास सारख्या असतात, खरा फरक जाडीचा. 6 मिलिमीटरची फळी स्वस्त पडते, पण तापली की वाकते, मासा कलंडतो आणि तो शिजायच्या आतच कडा पेट घेतात. 10 ते 12 मिलिमीटरची फळी शेवटपर्यंत टिकते आणि खालून फार जळली नसेल तर दुसऱ्यांदाही चालते. चार पैसे जास्त गेले तरी जाडच घ्यावी. इमारती लाकडाच्या दुकानातला तुकडा मात्र नको, त्याला रसायन लावलेलं असू शकतं.

फळी किमान एक तास पाण्यात बुडवून ठेवायची. ती तरंगते, म्हणून वर जड भांडं ठेवावं. पाणी लाकडात फार खोल जात नाही. भिजवण्याचा उपयोग एवढाच की कडा उशिरा पेटतात. माशाला वास लागतो तो फळी खालून करपते तेव्हाच्या धुराचा. म्हणून रिकामी फळी आधी ग्रिलवर तापवणं ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी, आणि नेमकी तीच बरेच जण गाळतात. ग्रिल 190 ते 200 अंश सेल्सिअसला आणा, फळी ठेवून झाकण लावा. तीन-चार मिनिटांत तडतड ऐकू येते, धूर दिसतो. मग फळी उलटा आणि तापलेल्या बाजूवर मासा ठेवा. दोन्ही बाजू तापल्याने फळी कमी वाकते. थंड फळीवर ठेवलेला सॅमन नुसता भाजलेला लागतो, सीडरचा मागमूस नसतो.

माशाची कातडी खाली. ती लाकडाला चिकटते आणि ते सोयीचंच आहे, कारण वाढताना उलथनं कातडीच्या वरून फिरवलं की मांस अलगद सुटतं. फळी माशाने जवळजवळ भरलेली असावी, उघडं लाकूड जास्त राहिलं की तेच आधी पेटतं. अडीच सेंटिमीटर जाडीच्या तुकड्याला झाकण लावून 15 ते 20 मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विसंबा. माशाच्या आतल्या तापमानाची अमेरिकी सरकारी शिफारस 63 अंशांची आहे. बरेच स्वयंपाकी 52-54 लाच उतरवतात, मासा रसाळ राहतो. सॅमनच्या जातींपैकी सॉकाय पातळ आणि कमी चरबीचा, त्याच्यावर लवकर नजर ठेवावी. किंग चरबीदार असल्याने थोडी चूक सोसतो. वर पांढरा साका (गोठलेलं प्रथिन) भरपूर आला तर आच जास्त झाली किंवा मासा जास्त शिजला असं समजा.

फळी मध्ये असल्याने ज्वाळा माशाला लागत नाही, त्यामुळे मेपल सिरप-मोहरीसारखा गोड लेप इथे चालतो. तो शेवटच्या पाच मिनिटांत लावावा. तिखट-हळद-आगळ लावायचं असेल तर पंधरा मिनिटं पुरे. आंबटात जास्त मुरलं की वरचा थर पिठूळ होतो. शाकाहारी घरात पनीरचा जाड तुकडा याच फळीवर दहा-बारा मिनिटांत छान धुरकट होतो.

चिकनच्या तंगड्यांसाठी मात्र ही फळी घेऊ नका. वेळ दुप्पट लागतो, तोवर लाकूड कोळसा होतं, आणि कातडी कुरकुरीत होत नाही ती नाहीच. 110 अंशांच्या स्मोकरमध्येही (मंद आचेवर धुरी देण्याच्या पेटीत) पैसे वाया जातात: तिथे फळी करपतच नाही, मग वास येणार कुठून? स्मोकरला आल्डर या झाडाच्या लाकडाचे तुकडे बरे, त्या किनाऱ्यावर सॅमनला धुरी देण्याचं ते जुनं लाकूड. सौम्य वास हवा असेल तर मेपलची फळी घ्या.

मुंबई-गोव्यात ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळतो तो रावस, वेगळाच मासा. त्याचा जाड तुकडा कातडीसकट घेतला तर याच पद्धतीने होतो, फक्त वरून तेलाचा हात हवा. सीडर मिळाली नाही म्हणून देवदाराची फळी वापरू नये. त्याचं तेल उग्र असतं.

ग्रिलजवळ पाण्याची फवारणीची बाटली हवीच. कडेला ज्वाळा दिसली की फक्त कडेवर मारा, माशावर नको. उतरवलेली फळी धातूच्या ताटातच ठेवा, टेबलावर किंवा प्लॅस्टिकवर नको. ज्वाळा विझली तरी लाकूड आतून धुमसत असतं, म्हणून कचऱ्यात टाकण्याआधी फळी पाण्याच्या बादलीत बुडवून पूर्ण गार करा.