जगातील स्क्विडची पकड : कोणत्या आकड्यांवर विसंबावे?

सांगली-साताऱ्याकडील महाविद्यालयांत प्राणिशास्त्राच्या किंवा अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी स्क्विडच्या, म्हणजे कोकणातल्या माकुळाच्या, जागतिक व्यापारी मासेमारीचा विषय घेणाऱ्याला आकडे घरबसल्या मिळतात. अडचण एवढीच की ते निरनिराळ्या ठिकाणी मिळतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत.

रोमच्या अन्न व कृषी संघटनेची देशवार व जातवार मालिका १९५० पासून सलग आहे. तिच्यानुसार स्क्विड, कटलफिश व ऑक्टोपस मिळून शीर्षपाद प्राण्यांची पकड २०१४ मध्ये सुमारे ४९ लाख टनांच्या उच्चांकावर होती. २०१७ व २०१८ मध्ये ती ३६ लाख टनांच्या आसपास उतरली. मात्र ही मालिका मुख्यतः देशांनी कळवलेल्या नोंदींवर उभी आहे आणि सांगलीच्या मार्केट यार्डातील आवक म्हणजे शिवारात पिकलेली सगळी हळद नव्हे, तसेच येथेही आहे. शिवाय बरेचसे स्क्विड जात न ओळखता एकाच मोघम गटात नोंदले जात असल्याने, एखाद्या जातीची घट प्रत्यक्षात नोंदणीच्या सवयीतला बदलही असू शकते.

ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा 'सी अराउंड अस' प्रकल्प न नोंदलेली व समुद्रातच फेकून दिलेली पकड अंदाजाने मिळवतो. या प्रकल्पातील संशोधक पॉली व झेलर यांनी २०१६ मध्ये १९९६ ची एकूण सागरी पकड १३ कोटी टन मांडली, तर अधिकृत आकडा ८.६ कोटी होता. हा फरक डोळे उघडणारा आहे. तरीही केवळ स्क्विडसाठी या मालिकेवर निष्कर्ष बांधू नये, असे माझे मत आहे, कारण जातीच्या पातळीवर गृहीतकांचा भार फार वाढतो.

उपग्रहांचा मार्ग सर्वांत रोचक आहे. गळाने स्क्विड धरणाऱ्या बोटी रात्री प्रखर दिवे लावतात व ते अवकाशातून दिसतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने अशा दिव्यांची इतर उपग्रह-नोंदींशी सांगड घालून उत्तर कोरियाच्या पाण्यात २०१७ साली नऊशेहून अधिक चिनी बोटी दाखवल्या आणि दोन वर्षांची पकड १.६ लाख टनांहून अधिक असल्याचा अंदाज दिला. पण दिवा बोट दाखवतो, वजन नव्हे. आणि भारतातले बहुतेक स्क्विड प्रखर दिव्यांशिवाय, बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात येत असल्याने ते या पद्धतीत दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे, बंदरांवरील नमुना-पाहणीतून काढलेले अंदाज घ्यावेत.

दीर्घकालीन कल हवा असल्यास अन्न व कृषी संघटनेची मालिका पायाभूत धरावी, आणि उपग्रहांचा उपयोग एखाद्या ठरावीक समुद्रातील नोंदी पडताळण्यापुरता करावा. बहुतेक व्यापारी स्क्विडचे आयुष्य वर्षभराचेच असते आणि त्यांची संख्या दरवर्षी कमी-जास्त होते, त्यामुळे एका वर्षाच्या घटीवरून अतिमासेमारीचा निष्कर्ष काढू नये; निदान पाच वर्षांची सरासरी काढावी.