3 टक्के सलाइनची 100 मिलीची बाटली: कधी लावायची, कुठे थांबायचं

रक्तातलं सोडियम 112 पर्यंत घसरलंय आणि पेशंटला झटके येतायत, अशा वेळी दाट मिठाच्या पाण्याच्या या बाटलीला पर्याय नाही. 100 मिली दहा-पंधरा मिनिटांत, हाताच्या चांगल्या शिरेतूनही चालते. सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेत घालायची नळी) खोळंबू नये. गरज पडली तर आणखी दोनदा. सोडियम 4 ते 6 ने वर आलं की बहुधा झटके थांबतात. तिथेच हात आवरायचा. 135 या नॉर्मल आकड्याचा हट्ट त्याच दिवशी नको.

माझी तक्रार आहे ती बाटलीच्या दिसण्याबद्दल. अँटिबायोटिक मिसळायच्या साध्या एनएसच्या (नॉर्मल सलाइन) बाटलीची ही जुळी बहीण. एनएसमध्ये लिटरला 154 मिलीइक्विव्हॅलंट सोडियम, हिच्यात 513. ट्रॉलीत दोघी शेजारी नकोत. आकार लहान हे मात्र उत्तम: विसरली तरी 100 वर संपते. सावकाश सोडायची असेल तर सेट, म्हणजे थेंब पाडणारी सलाइनची नळी, बघा. मायक्रो सेटचे 60 थेंब म्हणजे एक मिली, साध्याचे 20. मिनिटाला 30 थेंब ठरले आणि रात्रपाळीत सेट बदलला, तर तासाला 30 ऐवजी 90 मिली जातं.

खरी गडबड बाटली संपल्यावर होते. उलट्या थांबल्या, बीपीची थायझाइड गोळी (लघवीवाटे सोडियम घालवणारी) बंद झाली, की शरीर अडवलेलं पाणी सोडून देतं. लघवी तासाला 100 मिलीच्या वर, पाण्यासारखी, आणि सोडियम आपसूक धावत सुटतं. म्हणून नजर युरिन बॅगवर आणि दर चार तासांनी सोडियम. दारू, कुपोषण, लिव्हरचा आजार, कमी पोटॅशियम किंवा 105 पर्यंत घसरलेलं सोडियम असेल तर 24 तासांत 8 च्या वर जायचं नाही. सुरुवातीच्या बाटल्यांनी चढलेले 6 यातच धरायचे. पोटॅशियम चढवलं तरी सोडियम वाढतं, हे हमखास विसरतात. मर्यादा ओलांडली तर 5 टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) आणि डेस्मोप्रेसिन (लघवीवाटे जाणारं पाणी अडवणारं औषध) देऊन आकडा खाली आणायचा, लक्षणांची वाट न बघता.

कारण सोडियम फार वेगाने चढलं तरी दुसऱ्या दिवशी पेशंट छान बोलतो, घरचे खूश. दोन ते सहा दिवसांनी जीभ जड, घास उतरेना, हातपाय लुळे: पॉन्स या मेंदूच्या खालच्या भागातल्या तंतूंचं आवरण गळालेलं असतं. सुरुवातीचा एमआरआय स्वच्छही येतो, त्यावर विसंबू नये.

नुसता सोडियम 126 चा रिपोर्ट, आजोबा जेवतायत, बोलतायत, तर ही बाटली मागूच नका. बीपीच्या गोळीच्या पट्टीमागे हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन (थायझाइड गटातलीच औषधं) लिहिलंय का ते बघून डॉक्टरांना दाखवा.