ब्लूई: दहा महिने घरात रोज बघतोय, त्याचा अनुभव

आमच्याकडे ब्लूई हे मुलांचं कार्टून पहिल्यांदा लागलं ते लेक तापाने झोपून होती तेव्हा, जानेवारीत. आज दहा महिने झाले. जवळपास सगळे भाग बघून झालेत, काही तर वीस-वीस वेळा, आणि मला अजून कंटाळा आलेला नाही. मुलांच्या दुसऱ्या कुठल्याच कार्यक्रमाबद्दल मी असं म्हणू शकत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते, मोठं होईल, निवांत वाचा.

आधी घर सांगते म्हणजे अंदाज येईल. आम्ही ठाण्यात, टू बीएचके, लेक साडेपाच वर्षांची, बारक्या नुकताच तीनचा झालाय, सासूबाई आमच्याकडेच असतात, आणि नवरा लोकलने घरी पोचेपर्यंत पावणेनऊ होतात. म्हणजे माझं घरून काम संपलं की संध्याकाळ सगळी मी, आजी आणि दोन पोरं. टीव्ही लागतो आमच्याकडे, खोटं कशाला बोलू. पूर्वी मोबाईलवर ती भडक रंगांची गाणी लागायची, एक संपलं की आपोआप दुसरं, आणि बंद केलं की दोघंही फरशीवर आडवे पडून रडायचे. भरवायला सोपं पडतं म्हणून मीच लावून द्यायचे आणि बंद करायची वेळ आली की माझ्याच पोटात गोळा यायचा.

ब्लूई लावल्यावर पहिल्या आठवड्यातच जाणवलं की बंद करताना रडारड होत नाहीये. दोघं उठतात आणि खेळायला लागतात. कीपी अप्पी नावाचा भाग आहे, त्यात एक फुगा आहे आणि तो जमिनीला टेकू द्यायचा नाही, बास एवढंच, सात मिनिटं तेवढंच. तो संपला, लेकीने वाढदिवसाच्या उरलेल्या पाकिटातला फुगा मला फुगवायला लावला आणि पुढचा पाऊण तास हॉलमध्ये तोच खेळ. आजी सोफ्यावर बसल्या बसल्या फुगा वर मारत होत्या आणि मोठ्याने हसत होत्या. तेव्हापासून मी कुठलाही कार्यक्रम याच एका गोष्टीवरून जोखते, टीव्ही बंद झाल्यावर पोरं काय करतात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात राहणारं हे कुत्र्यांचं कुटुंब, हीलर जातीचं, म्हणजे तिकडे गुरं हाकायला जे कुत्रे पाळतात ते. ब्लूई मोठी, सहा वर्षांची, धाकटी बिंगो चारची, पुढे दोघी एकेक वर्षाने मोठ्या होतात. आणि हो, ब्लूई मुलगी आहे, निळी आहे म्हणून बरेच जण मुलगा समजतात, मीही समजले होते. बाबा बँडिट पुरातत्त्वाचं काम करतो आणि आई चिली विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या कामावर आहे. जो ब्रम नावाच्या ॲनिमेटरने हे बनवलं, त्याला स्वतःला दोन मुली आहेत आणि ते बघताना कळतंच, कारण असली भांडणं घरी ऐकल्याशिवाय लिहिता येत नाहीत. १ ऑक्टोबर २०१८ ला तिथल्या एबीसी या सरकारी वाहिनीच्या मुलांच्या चॅनेलवर सुरू झालं, तीन सीझन मिळून दीडशेच्या वर भाग आहेत. कोण काय बघतं ते मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये अमेरिकेत ओटीटीवर सगळ्यात जास्त मिनिटं बघितला गेलेला कार्यक्रम हाच, ५५ अब्जांच्या वर मिनिटं, मोठ्यांच्या मालिका धरून. माझ्या घरात जे चाललंय ते बघता मला याचं नवल वाटत नाही.

आता मुद्द्याचं, आईबापांना यात काय आहे. बाकी कार्टूनमध्ये आईबाप म्हणजे दारात उभे राहून जेवायला या म्हणणारे, किंवा मग अगदीच बावळट. इथे आईबाप पूर्ण माणसं आहेत (कुत्रे असले तरी). दमतात, चिडतात, एकमेकांना डोळ्याने खुणावतात, मोबाईल बघत बसतात आणि पोरं खेळायला ओढून नेतात तेव्हा आधी कण्हतात. पण एकदा खेळात शिरले की पूर्ण शिरतात, बँडिट हॉटेलचा गिऱ्हाईक झाला तर शेवटपर्यंत गिऱ्हाईकच राहतो.

बेबी रेस हा भाग मी पहिल्यांदा बघितला तेव्हा कणीक मळत होते. चिली मुलींना सांगते की ब्लूई लहान असताना दुसऱ्यांची बाळं भराभर पुढे जात होती आणि ब्लूई मात्र बुडावर सरकायची, रांगायची ती उलटी, आणि आईला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. बारक्या सतरा महिन्यांचा होईपर्यंत चालला नव्हता हो. खाली गार्डनमध्ये रोज कोणीतरी विचारायचं, अजून नाही का चालत, आमचा तर दहाव्या महिन्यात धावत होता. डॉक्टर म्हणत होत्या सगळं नॉर्मल आहे, पण मी रात्री झोपायचे नाही. त्या भागात खूप पोरांची आई असलेली एक शेजारीण चिलीच्या घरी येते आणि तिला म्हणते की तू छान करते आहेस. मला त्या सतरा महिन्यांत कोणी हे म्हणालं असतं तर काय झालं असतं ते मी इथे लिहू शकत नाही. कणकेच्या हाताने डोळे पुसत होते तेव्हा लेक येऊन विचारत होती, आई, कांदा चिरतेस का.

शीपडॉग नावाच्या भागाचे मात्र प्रॅक्टिकल उपकार आहेत माझ्यावर. त्यात चिली म्हणते मला वीस मिनिटं कोणीच नको, आणि ब्लूईला वाटतं आई माझ्यावर रागावली. मग हळूहळू तिला कळतं की राग नाहीये, फक्त थोडा वेळ हवाय. आपल्याकडे आईने असं म्हणायची पद्धतच नाही, निदान मी तरी माझ्या आईला असं म्हणताना कधी ऐकलं नाही. आता मी म्हणते, चिलीची वीस मिनिटं, आणि लेक बारक्याला घेऊन आजीच्या खोलीत जाते. वीसची बारा होतात बहुतेक वेळा, पण बारा तर बारा.

नवऱ्याचा लाडका भाग क्रिकेट. तो लालबागच्या चाळीत वाढलेला, त्यामुळे त्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही. रस्टी नावाचा पोरगा, वडील सैन्यात लांब, हा दिवसभर भिंतीवर बॉल मारत बसतो, मोठ्या भावाच्या मित्रांच्या फास्ट बॉलिंगला आधी घाबरतो मग उभा राहायला शिकतो. एका बर्थडे पार्टीत सगळ्या मुलांचे बाप मिळून त्याला आऊट करू शकत नाहीत आणि शेवटी तो काय करतो ते मी सांगत नाही, पण त्याची लहान बहीण खेळात असते एवढं सांगते. माझा नवरा सहसा डोळ्यात पाणी आणणारा माणूस नाही. तो भाग झाल्यावर गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि मग त्याने त्याच्या बहिणीला फोन लावला.

आजींची अडचण भाषेची. हे सगळं इंग्रजीत, तेही ऑस्ट्रेलियन उच्चारांचं, मलाच सुरुवातीला सबटायटल लावावी लागली. मराठीत असतं तर काय बहार आली असती, त्या बिंगोचे बोबडे प्रश्न मराठीत ऐकायला मी पैसे मोजले असते. आत्ता लेक आजीला समजावून सांगते आणि त्यात अर्धी गोष्ट ती स्वतःचीच घुसडते. पण रेन नावाचा भाग आहे त्यात जवळजवळ कोणी बोलतच नाही, फक्त पाऊस आणि संगीत. ब्लूई अंगणातल्या वाटेवरून वाहणारं पाणी अडवायला बघते, हाताने, सामानाने, जे मिळेल त्याने, आणि दरवेळी चिखलाचे पाय घेऊन घरात, आई पुसून पुसून वैतागलेली. पुढे आईच छत्री घेऊन बाहेर येते. जुलैत बाहेर धो धो कोसळत होता तेव्हा हा लावला. आजी म्हणाल्या आम्ही शाळेतून येताना ओहोळाला असेच बांध घालायचो, दगड-माती-पाला घालून, आणि घरी आल्यावर मार खायचो. मग त्यांनी त्यांच्या गावची पागोळ्यांची, कौलं गळायची, पन्हाळीखाली हंडे लावायची एवढी मोठी गोष्ट सांगितली की टीव्ही कधी बंद केला ते कळलं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली माझ्या, मी ही गोष्ट पहिल्यांदाच ऐकली.

करी क्वेस्टही आमच्या घरात फार लागतो. बँडिट आणि बिंगो घरची करी घेऊन दुसऱ्या मित्राच्या घरच्या करीशी अदलाबदल करायला निघतात, वाटेत चोच मारायला येणारा मॅगपाय पक्षी. आमच्या मजल्यावर स्टीलचे डबे असेच फिरतात आणि रिकामा डबा परत पाठवायचा नाही हा नियम, त्यामुळे पोरांना तो भाग अगदी आपला वाटला. आता शेजारी आमटी पोचवायची असली की दोघं डोक्यावर ताट धरून जातात, मॅगपायपासून वाचायला.

संगीताबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. जॉफ बुश हा मुख्य संगीतकार, प्रत्येक भागाला वेगळं संगीत आहे. स्लीपीटाइम भागात बिंगोला स्वतःच्या पलंगावर रात्रभर एकटीने झोपायचंय आणि स्वप्नात ती ग्रहांमधून फिरते, तिथे होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या द प्लॅनेट्स या रचनेतलं ज्युपिटर वाजतं. सूर्याची ऊब म्हणजे आई. आमच्याकडे चौघं दोन गाद्या जोडून आडवेतिडवे झोपतो, वेगळं झोपवायची मला घाई नाही, तरी तो भाग बघून लेक मध्यरात्री माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, तू सूर्य आहेस. तो भाग मी एकटीने बघत नाही आता.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगते. बँडिट एवढा खेळतो की खरे बाप दुखावले जातात. नवरा सुरुवातीला म्हणायचा, हा ऑफिसला जातो कधी. त्याचं बरोबर होतं, दीड तास लोकलमध्ये उभं राहून आलेल्या माणसाकडून ते होणं नाही. आम्ही असं ठरवलं की आल्यावर हातपाय धुऊन फक्त दहा मिनिटं, पण त्या दहा मिनिटांत मोबाईल दुसऱ्या खोलीत. ते टिकलंय, सात महिने झाले. त्यांचं घर म्हणजे लाकडी, भोवती व्हरांडा, मोठं अंगण, लेकीने विचारलं आपल्याला अंगण का नाही, याला उत्तर नाही. डिसेंबरात भर उन्हाळा आणि ख्रिसमसला पोहणं, हे समजवायला पृथ्वीगोल आणावा लागला, ते बरंच झालं म्हणा. काही भागांतल्या खोड्या पोरं जशाच्या तशा उचलतात, मफिन नावाची हट्टी चुलत बहीण आहे तिच्यासारखं किंचाळणं आमच्याकडे महिनाभर चालू होतं. आणि सात मिनिटांचा भाग असला तरी पुढचा आपोआप सुरू होतो, ते सेटिंगमध्ये जाऊन आधी बंद करा, आमच्याकडे रोज तीन भाग ठरलेत, मोजायचं काम बारक्याकडे.

बारक्यासाठी मधूनमधून शॉन द शीप पण लावतो, ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओचं, मातीच्या बाहुल्या एकेक फ्रेम हलवून केलेलं, २००७ पासूनचं. त्यात कोणी बोलतच नाही म्हणून आजी आणि बारक्या बरोबरीने हसतात. पण पोटात काही हलत नाही त्याने, ब्लूईने हलतं.

सुरुवात करणार असाल तर मॅजिक झायलोफोन, कीपी अप्पी, मग बेबी रेस, आणि मुलांना एकटं बसवून देऊ नका, बाजूला बसा, निम्मी मजा त्यातच आहे. द साइन हा २८ मिनिटांचा मोठा भाग एप्रिल २०२४ मध्ये आला, तो बाकीचे बरेच भाग बघून झाल्यावरच बघा. त्यात बाबाला दुसऱ्या गावी नोकरी मिळते आणि घरापुढे घर विकण्याचा बोर्ड लागतो. आम्ही मे महिन्यात भाड्याचं घर बदललं, चार वर्षं तिथे होतो, बारक्या तिथलाच. लेकीने तेव्हा काहीच आरडाओरडा केला नव्हता, आम्हाला वाटलं लहान आहे, विसरेल. ऑगस्टमध्ये द साइन बघितला आणि झोपताना तिने विचारलं, आपल्या घराला पण असा बोर्ड लावला होता का, मला का नाही दाखवला. मग आम्ही दोघी अंधारात जुनं घर आठवत बसलो, गॅलरीतला ठिबकणारा नळ, किचनच्या दाराला तिची उंची मोजून मारलेल्या पेन्सिलच्या रेघा. त्या रेघांचा फोटो निघताना नवऱ्याने काढून ठेवला होता. तो उठून फोन घेऊन आला, तिने सगळ्या रेघा मोजल्या, सात होत्या, मग झोपली.